बॉनेट ते ब्रेकर

नट-बोल्ट एकूण तीनशे सत्त्याऐंशी निघाले. रोहिणीनं ते दोनदा मोजले, कारण पहिल्या खेपेला तीनशे शहाऐंशीच भरले होते. उरलेला एक छगनमामाच्या चपलेच्या तळाला रुतून बसला होता. त्यांतले नऊ काढतानाच तुटले आणि चौदांची डोकी गंजून गोल झाली होती. रबरी पाइप अकरा, पैकी चिरलेले आठ. वायरी एकोणचाळीस, त्यांतल्या सव्वीसांचे रंग अजून ओळखू येत होते. उंदराचं घरटं एक, रिकामं. जुनं इंजिन एक, त्याच्या ब्लॉकला उभा तडा, लांबी एकशे सहा मिलिमीटर. आणि हे सगळं जिच्या पोटातून निघालं ती गाडी शेडच्या मधोमध चार विटांच्या ओट्यांवर उभी होती. दोन सीटची, कापडी छपराची, लाल रंग उडून विटकरी झालेली. तिचं नाव शलाका.

शलाका कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पंचवीस वर्षांपूर्वी भोसरीच्या एका शेडमध्ये चार हौशी इंजिनिअरांनी ही फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स कार बनवायला घेतली आणि त्रेसष्ट गाड्या झाल्यावर कंपनीला कुलूप लागलं. रोहिणीचे वडील हनुमंत तिथे फायबर खात्यात होते. साच्यात काचेचं कापड अंथरायचं, वर ब्रशनं राळ फासायची आणि रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. त्रेसष्टच्या त्रेसष्ट बॉनेटं त्यांच्या हातची. कंपनी बंद झाली तेव्हा शेवटची गाडी घेऊन ते श्रीगोंद्याकडे गावी आले आणि पुढची बारा वर्षं बाजारहाटापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं त्या दोन सीटवर उरकलं. मग एकदा नगरहून येताना पाणी संपलं, इंजिन तापलं, तडा गेला. त्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनात. गाडी शेडमध्ये गेली आणि तिच्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्यांची चळत चढत गेली.

रोहिणी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि जवळच्याच साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. दिवसभर उसाच्या रसातली साखर मोजायची आणि घरी येऊन त्या गोण्यांकडे बघायचं, असं दोन वर्षं चाललं. या दिवाळीत मात्र शौनक नावाचा माणूस दारात आला. भंडारदऱ्याला धरणाच्या वरच्या अंगाला त्याचं तंबूंचं रिसॉर्ट होतं. कुणाकडून तरी त्याला शलाकेचा पत्ता लागला होता.

"काका, मी हिला चौथऱ्यावर ठेवणार," तो मनापासून म्हणाला. "मस्त लाल रंग देणार. बॉनेट उघडं, आणि इंजिनाच्या जागी माती भरून मोगरा. लोक लांबून फोटो काढायला येतील."

हनुमंतांनी गाडीकडे पाहिलं. मोगऱ्याचं त्यांना काही वाईट वाटलं नसावं. अकरा वर्षं गोण्यांखाली काढल्यावर मोगराही बराच म्हणायचा.

"मी चालू करते," रोहिणी मध्येच म्हणाली. "इंजिन दुसरं बसवते."

"कवा?"

"संक्रांतीपर्यंत."

हनुमंतांनी शौनककडे पाहिलं. "संक्रांतीच्या फुडच्या रविवारी सकाळी या. गाडी हितून हायवेपतुर आपल्या चाकांवर गेली तर ऱ्हाईल. न्हाई गेली तर तुमी घेऊन जा. माझा शब्द हाय." मग रोहिणीकडे वळून म्हणाले, "आन् बॉनेटला करवत लागली, तरी गेलीच समज. साचा कंपनीनंच फोडला. त्याच्यासारकं दुसरं निगनार न्हाई."

रोहिणी तयार झाली. करवतीशिवाय जमेल याची तिला खात्री होती. न जमण्याचं एकही कारण तिला तेव्हा दिसत नव्हतं.

इंजिन छगनमामानं आणलं. छगनमामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ, गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. शाळेच्या मुलांना नेणारी एक ईको व्हॅन मागून ठोकर बसून भंगारात निघाली होती; तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट होते. इंजिन बदलायची आरटीओची परवानगी रोहिणीनं रीतसर अर्ज करून आधीच हातात घेतली.

"भाचीबाई," इंजिन उतरवताना मामा म्हणाला, "पोरान्ला शाळंत सोडनारं इंजिन हाय. शर्यतीच्या गाडीत बसवलं तरी ते साडेधाला शाळंकडंच वळंल बघ."

"वळू दे. रस्ता शाळेवरूनच आहे."

नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं. वर बॉनेट, त्याला हात लावायचा नाही. इंजिन चालू झाल्यावर आठेक मिलिमीटर हलतं, म्हणून डोक्यावर निदान अकरा मिलिमीटर मोकळे हवेत. तेवढे सोडले की इंजिन खाली सरकतं आणि त्याच्या तळाचा तेलाचा डबा, ज्याला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात, तो रस्त्याजवळ येतो. जुनं इंजिन आत असतानाच रोहिणीनं अण्णांना, म्हणजे हनुमंतांना, सीटवर बसवून मापं घेतली होती, कारण गाडी रिकामी कधी चालत नाही. चेंबरचा तळ जमिनीपासून एकशे एकोणतीस मिलिमीटरवर येत होता.

आणि शाळेसमोरच्या स्पीड ब्रेकरचा माथा रस्त्यापासून एकशे चौतीस होता.

घरापासून हायवेपर्यंत तीन किलोमीटरांत सात ब्रेकर. ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर जोडून भरधाव जात, म्हणून ज्याच्या त्याच्या दारापुढे ज्यानं त्यानं बांधलेले. सहा जण बिचारे मवाळ होते. शाळेपुढचा मात्र हनुमंतांनी स्वतः उभं राहून सिमेंट-खडीत घातला होता, दोन वर्षांपूर्वी, एक ट्रेलर शाळा सुटायच्या वेळेला फाटकासमोर कलंडला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

"थोडा तासून घेऊ," मामा म्हणाला.

"बॉनेट माझं, बिरेकर बी माझा," हनुमंत म्हणाले. "दोन्हीला हात लावायचा न्हाई."

"म्हंजे मधलं इंजिन तेवढं आमचं. वा दाजी!"

रोहिणी मात्र निर्धास्त होती. नवं इंजिन जुन्यापेक्षा हलकं होतं, आणि पुढचा भार कमी झाला की स्प्रिंग गाडीचं नाक वर उचलणार. किती, तेवढंच काढायचं होतं. खताची पन्नास किलोची गोणी पुढे ठेवून तिनं नाक किती बसतं ते पाहिलं. तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा चौदा मिलिमीटर. आता जुन्या इंजिनाचं वजन हवं होतं. ते तिनं कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलं. जुनं इंजिन काढण्याआधी ट्रॅक्टरनं दोरीनं ओढत नेऊन गाडीची पुढची चाकं काट्यावर उभी केली होती.

"ताई, ऊस कुठंय?" काट्यावरच्या करणनं खिडकीतून डोकं काढून विचारलं होतं.

"गाळून झाला. ह्ये चिपाड हाय," हनुमंतच गाडीतून ओरडले होते, आणि मागे रांगेत उभे असलेले ड्रायव्हर हसले होते.

तेव्हा भरले तीनशे नव्वद. इंजिन आणि गिअरबॉक्स काढल्यावर मामानं गाडी ट्रॉलीत घालून नेली आणि काट्यावर चौघांनी हातानं ढकलली. तेव्हा भरले दोनशे दहा. म्हणजे जुनं ओझं एकशे ऐंशी. नवं, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या टांगत्या काट्यावर, एकशे तीस. फरक पन्नास किलो, गोणी एवढाच, आणि गोणीचे मिलिमीटर चौदा. एकशे एकोणतीस अधिक चौदा, एकशे त्रेचाळीस. ब्रेकर एकशे चौतीस. नऊ मिलिमीटर शिल्लक. वहीत तिनं त्याखाली रेघ मारली.

संक्रांतीच्या दिवशी इंजिन बसलं. पाइप जोडले, वायरी जोडल्या, ईकोचा कॉम्प्युटर डॅशबोर्डखाली बसवला. चौथ्या चावीला इंजिन लागलं आणि असं शांत चालू राहिलं की तिळाचे लाडू घेऊन आलेल्या मालनबाईंनी, म्हणजे रोहिणीच्या आईनं, विचारलं, "लागलं का न्हाई अजून?" हनुमंतांनी बॉनेट हळूच टेकवलं. ते बसलं. डोक्यावर अकरा मिलिमीटर, वहीत लिहिल्याप्रमाणे. हनुमंतांनी त्याच्यावरून तळवा फिरवला आणि लाडू तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी गाडी विटांवरून उतरवली. अण्णांना सीटवर बसवून रोहिणी पट्टी घेऊन खाली सरकली. एकशे त्रेचाळीस यायला हवे होते. आले एकशे बत्तीस.

तिनं पट्टी बदलली, जागा बदलली. एकशे बत्तीस.

"टायरात हवा कमी आसंल," मामा म्हणाला. हवा बरोबर होती. "गाडी लई वर्सांनी जमिनीला लागली, दमली आसंल." दोन मिलिमीटर कमी पडत होते, म्हणजे शाळेसमोर चेंबर ब्रेकरला धडकणार, तेल रस्त्यावर आणि गाडी मोगऱ्याखाली. रविवारला तीन दिवस होते.

"स्प्रिंगखाली पॅकिंग घालू," मामा म्हणाला.

"दोन-तीन मिलिमीटर चालेल. त्याच्यावर गेलं की चाकं तिरकी होतात, वळताना टायर बॉडीला घासेल. पण मामा, आधी अकरा गेले कुठे ते कळायला हवं. नाहीतर आणखी किती जातील ते कसं कळणार?"

ती एकेक गोष्ट तपासत गेली. गोणी पुन्हा ठेवली: चौदा. म्हणजे स्प्रिंग प्रामाणिक. व्यापाऱ्याच्या काट्याला पन्नासाची गोणी लावून पाहिली: पन्नास. म्हणजे नव्या इंजिनाचं वजनही बरोबर. राहिल्या काट्याच्या दोन पावत्या. तिनं त्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. तीच छपाई, तीच सही. वाहनाच्या खाली 'चालक' असा रकाना. पहिल्या पावतीवर त्यात लिहिलं होतं, हनुमंत. दुसरीवर एक आडवी रेघ.

"अण्णा, पहिल्या वजनाला तुम्ही कुठे होता?"

"कुठं म्हंजे? ष्टेअरिंगवर. छगन ट्रॅक्टरनं वढत हुता, मग गाडी वळवनार कोन?"

"काट्यावर उतरला नाहीत?"

"काट्यावर डायवर उतरत न्हाई. उतरला की करण वरडतो."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या येळी ढकल..." हनुमंत थांबले. मग त्यांना हसू फुटलं. "आयला! मी बाहीर हुतो की."

उसाच्या काट्यावर ड्रायव्हर कधीच उतरत नाही आणि त्यानं काही बिघडतही नाही. भरल्या गाडीत तो असतो, रिकाम्या गाडीतही तोच असतो. एकातून दुसरं वजा केलं की माणूस आपोआप निघून जातो आणि उरतो तो फक्त ऊस. करणला हे विचारावंसं वाटलं नाही, मामाला वाटलं नाही, आणि दोन वर्षं अशाच पावत्या बघणाऱ्या रोहिणीलाही वाटलं नाही. हनुमंतांच्या वजनातला पुढच्या चाकांवर येणारा वाटा, चाळीस किलो, तिनं जुन्या इंजिनाच्या नावावर घातला होता. जुनं इंजिन खरं एकशे चाळीसचं. फरक पन्नास नव्हे, दहा किलो. आणि दहा किलोचे मिलिमीटर, गोणीच्या हिशेबानं, तीन. एकशे एकोणतीस अधिक तीन.

"एकशे बत्तीस," ती मोठ्यानं म्हणाली. चूक सापडल्याचा तिला इतका आनंद झाला की मालनबाई आतून धावत आल्या.

"काय झालं? गाडी निघाली?"

"न्हाई," हनुमंत म्हणाले. "माझं वजन निगालं."

आता गणित सरळ होतं. वर बॉनेट, खाली ब्रेकर, दोन्ही अण्णांचे. त्यामुळे कमी व्हायचं तर इंजिनानंच. रोहिणीनं चेंबर खोलून ओट्यावर उलटा ठेवला. तो पत्र्याचा होता, कापता येण्यासारखा. तळ पंधरा मिलिमीटर वर घ्यायचा. पण तळ वर घेतला की तेल कमी मावणार, आणि कमी तेलावर इंजिन चालवणं तिला मान्य नव्हतं. तिनं चेंबरात पाणी भरून, मोजपात्रानं काढून, पंधरा मिलिमीटरच्या थरात किती मावतं ते पाहिलं: सहाशे चाळीस मिलिलिटर. तेवढ्याच मापाचे दोन कप्पे डाव्या-उजव्या अंगाला जोडायचे ठरले. तिथे जागा रिकामीच होती.

"आन् तेल वढनारी जाळी?" मामानं विचारलं. गंमत बाजूला ठेवून तो आता पुढे वाकला होता. "तळ वर आला की ती तळाला चिकटंल. तेल न्हाई वढलं तर इंजिन जाम."

"तिची नळीपण पंधरा मिलिमीटर कापायची. आत्ता जाळी आणि तळ यांत आठ मिलिमीटर आहेत. नंतरही आठच राहिले पाहिजेत."

"आठच म्हंजे आठच?"

"साडेसात चालतील."

"उपकार झाले, बाई."

मामा बाकीच्या वेळी कितीही टवाळ असला तरी हातात वेल्डिंगचा दांडा आला की त्याचं तोंड बंद व्हायचं. शुक्रवार आणि अर्धा शनिवार तो पत्रा जोडत होता, ठिपक्याला ठिपका लावत, मध्येच पत्रा गार होऊ देत. रोहिणी प्रत्येक टाक्यानंतर कोन तपासत होती. शनिवारी दुपारी त्यांनी चेंबर डिझेलनं भरून, खाली वर्तमानपत्र अंथरून, चार तास ठेवून दिला. कागदावर दोन डाग पडले. ते दोन टाके मामानं पुन्हा मारले. पुन्हा चार तास. कागद कोरडा. जाळी ते तळ, आठ मिलिमीटर. चेंबर चढवून तेल भरलं, अण्णांना बसवलं, पट्टी लावली: एकशे सत्तेचाळीस.

"तेरा सुटतात," रोहिणी म्हणाली.

"हुब्या गाडीचं," हनुमंत म्हणाले. "उतरताना नाक दबतं. त्ये कुठं मोजलंस?"

हे खरं होतं. मोजायचं तर गाडी ब्रेकरवरून न्यायला हवी होती, आणि ती रविवारीच जाणार होती. रोहिणी स्वयंपाकघरात गेली.

"आई, कणीक मळून दे. घट्ट. पाणी कमी, तेल जास्त."

"जेवायला कोन येनार हाय?"

"चेंबरला लावायची आहे."

मालनबाईंनी परात पुढे ओढली. "तीस वर्सं संसार केला, पन लोखंडाला चपात्या घालायची येळ आली नव्हती." तरी त्यांनी कणीक मळली, आणि रोहिणीनं सांगितल्यापेक्षा चांगली. रोहिणीनं एक गोळा दाबून पाच मिनिटं थांबून पाहिलं; अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फुगला. म्हणजे ब्रेकरनं दाबलेली कणीक तशीच राहणार, आणि जितकी जाडी उरेल तितकंच चेंबर आणि ब्रेकर यांतलं खरं अंतर.

रविवारी नऊला शौनक आला. सोबत छोटा टेम्पो, दोन माणसं, आणि मागे प्लास्टिकच्या पिशव्यांत मोगऱ्याची चार रोपं.

"रोपं आनलीच का?" मालनबाईंनी विचारलं.

"काकू, नर्सरी वाटेतच होती."

"मग उतरवा. दाराशी लावू. तुमचा फेरा वाया जायला नको."

शौनक हसला, पण रोपं टेम्पोतच राहू दिली. रोहिणी गाडीखाली सरकली, पुसून कोरड्या केलेल्या चेंबरच्या तळाला वीस मिलिमीटर जाडीचा कणकेचा थर दाबून बसवला, चार जागी पट्टीनं तपासला आणि बाहेर आली. हनुमंत एकटेच गाडीत बसले. दुसऱ्या सीटवर कुणी बसायचं नाही, असं तिनं सांगितलं होतं. मापं एका माणसाची होती.

इंजिन लागलं. शलाका फाटकातून बाहेर पडली तेव्हा शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. रोहिणी आणि मामा मोटारसायकलवर मागे, त्यांच्या मागे शौनकचा टेम्पो. पहिले दोन ब्रेकर गाडीनं जुमानलेही नाहीत. शाळेपाशी हनुमंतांनी वेग पायी चालण्याइतका केला. पुढची चाकं चढली, माथ्यावर आली, उतरली. नाक दबलं. रोहिणी मोटारसायकलवरून उतरून रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली होती. तिनं कान दिला. पत्र्याचा आवाज आला नाही. मागची चाकं चढली, उतरली, आणि हनुमंतांनी दुसरा गिअर टाकला.

"बिरेकर चांगला बांदलाय माझ्या दाजीनं," मामा म्हणाला. "जरा बी हलला न्हाई."

पुढचे चार ब्रेकर मागे पडले. ऊस तोडून झालेल्या रानांमधला रस्ता सरळ होता. तिथे हनुमंतांनी तिसरा, मग चौथा गिअर टाकला आणि मोटारसायकल मागे राहिली. रोहिणी पोचली तेव्हा शलाका हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे उभी होती. हनुमंत बाहेर उभे राहून बॉनेटवर हात ठेवून होते. शौनक टेम्पोतून उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, मला एकदा बसवून आणाल?"

"माप झाल्यावर," हनुमंत म्हणाले.

रोहिणीनं रस्त्यावर गोणपाट अंथरलं, पट्टी आणि पेन्सिल घेतली आणि गाडीखाली सरकली. चेंबरखाली तेलाचा थेंब नव्हता. कणकेवर मागच्या कडेला ब्रेकरच्या खडीचा ठसा उमटला होता. तिनं पट्टी पाच ठिकाणी खुपसली आणि आकडे पडल्या पडल्या वहीत लिहिले.

कमीत कमी जाडी: सात मिलिमीटर.